तांदूळ न धुता: घरच्या शेगडीवर इटालियन रिझोटो

तांदूळ धुवायचा नाही. रिझोटो या मलईदार भाताबद्दल एकच वाक्य सांगायची मुभा असती, तर मी हेच सांगितलं असतं. आपल्याकडे तांदूळ दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय हात पुढे जात नाही. पाणी निवळेपर्यंत धुवायचा, मग रोळीत निथळत ठेवायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. रिझोटोत मात्र त्या पांढुरक्या पाण्याबरोबर जे वाहून जातं, तेच तर हवं असतं. ताटलीत दिसणारा तो दाट, चमकदार रस दुधाचा नसतो, क्रीमचाही नसतो. तो तांदळाच्या दाण्यावरच्या पिठाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. हे पीठ दाण्यातून सावकाश सोडवायचं आणि शेवटी लोणी-चीजसोबत एकजीव करायचं, एवढ्यासाठीच सगळी खटपट. ही गोष्ट एकदा पटली की कृती पाठ करावी लागत नाही, कुठे काय बिघडलं हेही आपलं आपल्याला उमगतं.

कामानिमित्त मी दोन वर्षं पावियात राहत होते. मिलानच्या दक्षिणेचं हे छोटं शहर, आणि अवतीभवती सगळी भातशेती. एप्रिल-मेमध्ये मिलानहून तुरीनकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की नोवारा आणि वेर्चेल्ली यांच्यामध्ये बांधांनी आखलेले पाण्याचे चौकोनच चौकोन दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर त्यांत आल्प्सची बर्फाळ रांग उलटी उमटलेली असते. तिथले लोक त्याला ‘चौकड्यांचा समुद्र’ म्हणतात. पो नदीच्या या खोऱ्यात पंधराव्या शतकापासून भात पिकतोय. १८६६ साली पुरा झालेला काव्हूर कालवा आजही या शेतांना पाणी देतो. म्हणून रिझोटो हा उत्तर इटलीचा पदार्थ. तिथं उच्चार ‘रिझॉत्तो’ असा होतो; आपल्याकडे रिझोटो रुळलाय, तोच इथे वापरते.

कोणता तांदूळ

इटलीत रिझोटोसाठी तीन नावं प्रामुख्यानं ऐकू येतात. आर्बोरियो हा वेर्चेल्लीकडचा वाण १९४६ चा, त्याच नावाच्या गावावरून ओळखला जाणारा. दाणा मोठा, पोटाशी पांढरा. भारतात परदेशी मालाच्या फळीवर बहुतेक वेळा हाच सापडतो. कार्नारोली हा मिलानजवळच्या पाउल्लोत १९४५ साली तयार झालेला वाण. त्यात अमायलोज (दाण्याला मोकळा आणि घट्ट ठेवणारा स्टार्च) जास्त असल्यामुळे दाणा शेवटपर्यंत आपला आकार धरून राहतो, दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेतो. तिसरा विआलोने नानो, वेरोनाकडचा, आखूड आणि गोलसर. तो रस भरपूर पितो आणि तिकडचे लोक रिझोटो जरा पातळच करतात.

पहिल्यांदा करत असाल आणि निवड हातात असेल, तर कार्नारोली घ्या. इटलीहून कुणी आणणार असेल तर पाकिटावर ‘कार्नारोली क्लासिको’ असे शब्द आहेत का बघायला सांगा. २०१७ पासून तिथल्या कायद्यानं कार्नारोलीशी साम्य असलेले काही वाणही त्याच नावानं विकता येतात. ‘क्लासिको’ लिहिलेलं असेल तर आत अस्सल वाण असतो.

आपला तांदूळ चालेल का, हा प्रश्न मला नेहमी येतो. बासमती अजिबात नाही. त्याचा गुणच मुळी दाणा दाण्याला न चिकटण्याचा, आणि आपल्याला नेमकं उलट हवंय. कोलम बारीक, ढवळताना मोडतो. इंद्रायणी मात्र कामाला येतो. आंबेमोहर आणि आय. आर. ८ या वाणांच्या संकरातून मावळात तयार झालेला हा तांदूळ मुळात चिकटसर, रस छान दाट होतो. फरक इतकाच, की त्याचा गाभा लवकर मऊ पडतो. कार्नारोलीत बाहेर मलई आणि आत दाताला जाणवणारा दाणा असा जो दुहेरी आनंद मिळतो, तो इंद्रायणीत अर्धाच मिळतो. तरी सरावासाठी तो उत्तम आहे. फक्त नवव्या मिनिटापासूनच चव घेत राहा आणि स्टॉक (भाज्या उकळून गाळलेलं पाणी) जरा कमी धरा.

एक सावधगिरी. घरच्या साठवणीच्या तांदळाला किडीसाठी बोरिक पावडर लावलेली असेल, तर तो न धुता वापरायचा नाही, म्हणजेच या कामाला घ्यायचा नाही. रिझोटोसाठी बंद पाकिटातला स्वच्छ तांदूळ घ्या, निवडा आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

दोघांचं साहित्य

तांदूळ १६० ग्रॅम. इटलीत माणशी ८० ग्रॅम हे घरोघरचं माप आहे.
स्टॉक पाऊण लिटर लागेल; एक लिटर तयार ठेवा.
कांदा लहान १, साधारण ५० ग्रॅम.
बिनमिठाचं लोणी ५० ग्रॅम. २० सुरुवातीला, ३० शेवटी.
किसलेलं पार्मिज्यानो चीज ४० ग्रॅम.
पांढरी, कोरडी वाइन ६० मिली.
मीठ, मिरी.

लोण्याबद्दल थोडं. बाजारातलं पिवळं बटर खारट असतं. ते वापरलंत तर स्टॉकमध्ये मीठ घालूच नका. घरचं पांढरं लोणी ताजं असेल आणि आंबुस झालेलं नसेल तर सुरेख लागतं. साजूक तूप मात्र इथे नको. त्यात पाणी उरलेलं नसतं, त्यामुळे शेवटी ते रसात मिसळण्याऐवजी वर तवंग होऊन तरंगतं, आणि त्याचा कढीव वास बाकी सगळं झाकून टाकतो.

शाकाहारी मंडळींनी चीज घेताना पाकीट नीट वाचावं. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो आणि ग्राना पादानो या दोन्ही चीजांत दूध गोठवायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात, म्हणून ती शाकाहारी नाहीत. आपल्याकडे त्याच धाटणीची, हिरवा ठिपका असलेली कडक चीज मिळतात, ती घ्या. डब्यातली कोरडी चीज पावडर मात्र टाळा. ती विरघळत नाही, रवाळ राहते.

वाइनला नाशिककडची कोरडी सोव्हिन्यो ब्लाँ किंवा शेनँ ब्लाँ चालते, गोड नको. वाइन घरात नको असेल तर ती पायरी सोडून द्या आणि शेवटी लोण्याबरोबर चमचाभर लिंबाचा रस घाला. वाइनचं इथलं मुख्य काम लोणी-चीजच्या जडपणाला आंबटपणानं तोलून धरणं हेच आहे.

स्टॉक

दीड लिटर थंड पाण्यात अर्धा कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, सहा-सात मिरे आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर ४० मिनिटं उकळत ठेवा, मग गाळा. सेलरी नसेल तर पातीच्या कांद्याचे दांडे घाला. कोबी-फ्लॉवर नको, त्यांचा वास उग्र होतो. हळद, आलं, कोथिंबीरही नको. मांसाहार चालत असेल तर भाज्यांबरोबर कोंबडीची हाडं घालून दीड तास उकळा. मिलानमध्ये त्यात गोमांसही असतं. चौकोनी तयार क्यूब वापरणार असाल तर पाकिटावर सांगितल्याच्या निम्माच घ्या. स्टॉक आटतो, वरून चीज खारट, आणि शेवटी सगळं मिळून तोंडात मीठच राहतं. नुसता प्यायला किंचित अळणी वाटेल असा स्टॉक बरोबर.

हा स्टॉक शेजारच्या शेगडीवर मंद आचेवर गरम राहिला पाहिजे. भातात थंड पाणी ओतलं की उकळी मोडते, दाणा आतून शिजायचा थांबतो आणि बाहेरून भिजत पडतो. आमटीत पाणी वाढवायचं झालं तर आपण आधणाचंच घालतो, तोच न्याय.

शेगडीवर

भांडं पसरट आणि जाड बुडाचं घ्या, तळाचा व्यास २२ ते २४ सेंटिमीटर. पातळ स्टीलच्या पातेल्यात तळ धरतो आणि तुमचं सगळं लक्ष तिकडेच जातं. ढवळायला लाकडी उलथनं किंवा डाव.

कांदा अगदी बारीक चिरा, तांदळाच्या दाण्याएवढा. २० ग्रॅम लोण्यात, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं मऊ होऊ द्या. याला ते सोफ्रित्तो म्हणतात. आपला हात इथे सवयीनं आच वाढवतो, कारण कांदा गुलाबी-खमंग झाल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. इथे तो काचेसारखा पारदर्शक झाला की पुरे. तांबूस कांद्याचा गोडवा आणि रंग रिझोटोत उपरे वाटतात. करपेल असं वाटलं तर चमचाभर स्टॉक घाला.

आता आच मध्यम करून कोरडा तांदूळ घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. ही तोस्तातुरा. घाई करायची नाही आणि रंगही येऊ द्यायचा नाही. पावियात माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिन्योरांनी, म्हणजे बाईंनी, मला हे शिकवलं ते माझा हात धरून. दोन दाणे उलथन्यावर घेतले आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवले. चटका बसला. म्हणाल्या, आता झालं. नजरेनं ओळखायचं तर दाण्याची कड पारदर्शक होते, मधे पांढरा ठिपका राहतो, आणि दाणे भांड्यावर घासताना वाळूसारखा कोरडा आवाज येतो. या परतण्यानं दाण्याचा बाहेरचा थर आवळला जातो, म्हणून पुढची पंधरा-सोळा मिनिटं ढवळूनही तो फुटत नाही.

वाइन ओता. जोरात चरचरेल, वाफ उठेल. ढवळत ती पूर्ण आटू द्या. वाकून वास घेतला तर नाकाला झोंबता कामा नये. आता घड्याळ लावा.

पहिल्यांदा दोन-तीन पळ्या स्टॉक घाला, तांदूळ जेमतेम बुडेल इतका. रसाला सतत लहान लहान बुडबुडे येत राहतील एवढी आच ठेवा. स्टॉक मुरत आला, उलथनं फिरवल्यावर मागे क्षणभर तळ दिसला, की पुढची पळी. सारखं ढवळत राहायचं का, यावर इटलीतही घरागणिक मत वेगळं. माझा अनुभव असा की एकसारखं घुसळण्याची गरज नाही. दाण्यावर दाणा घासला की पीठ सुटतं हे खरं, पण अति घुसळलं की दाणे मोडतात, रिझोटो थंड पडतो आणि खळीसारखा चिकट होतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाला एकदा तळापासून हलवा, कडेचे दाणे मधे आणा, भांडं सोडून जाऊ नका. झाकण मात्र ठेवायचं नाही.

दहाव्या मिनिटापासून चव बघायला लागा. एक दाणा दातांनी मधोमध तोडा. आत खडूसारखा पांढरा ठिपका दिसेल. आपण ज्याला ‘भातात कणी राहिली’ म्हणतो तीच ही कणी. बाराव्या मिनिटाला ती ठळक असते, चौदाव्याला राजगिऱ्याएवढी. ती जवळजवळ दिसेनाशी झाली, पण दाताला मधे हलका विरोध जाणवतोय, तेव्हा गॅस बंद करायचा. कार्नारोलीला हे साधारण १६ ते १८ मिनिटांत होतं, आर्बोरियोला मिनिटभर आधी. घरी भातात कणी राहिली की आई ताट मागे घ्यायची. त्यामुळे इथे थांबणं मला सुरुवातीला जड गेलं. पण पुढची तीन मिनिटं भांड्यातल्या उष्णतेवर दाणा शिजतच राहणार आहे. गॅसवर पूर्ण शिजवलात तर ताटलीत पोहोचेपर्यंत त्याची खिमट होईल.

गॅस बंद करताना रिझोटो तुम्हाला हवा त्यापेक्षा किंचित पातळ असू द्या. दाट झाला असेल तर अर्धी पळी स्टॉक घाला. स्टॉक संपला असेल तर उकळतं पाणी घातलं तरी बिघडत नाही.

लोणी, चीज आणि लाट

आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांत थोडं उणं-अधिक चालतं. इथे नाही. या पायरीला मांतेकातुरा म्हणतात आणि रिझोटो रिझोटो होतो तो इथेच.

भांडं शेगडीवरून उतरवा आणि अर्धं-एक मिनिट स्वस्थ ठेवा. बुडबुडे पूर्ण थांबले पाहिजेत. रस उकळता असताना लोणी घातलं तर ते वितळून सरळ तूप होतं आणि कडेनं सुटतं. चीजही गुठळ्या धरून तारा काढायला लागतं. लोणी फ्रिजमधलं, थंडगार, छोट्या तुकड्यांत कापलेलं. थंड लोणी हळूहळू वितळतं, आणि तेवढ्या वेळात त्याचे बारीक कण तांदळाच्या पिठानं दाट झालेल्या रसात धरले जातात. ताकातून लोणी काढताना आपण जे वेगळं करतो, ते इथे पुन्हा एकत्र आणायचं आहे.

आधी लोणी घाला, मग चीज, आणि आता मात्र जोर लावून ढवळा. वरण घोटताना मनगट जसं चालतं तसं, पण दाणे न चिरडता, तळातून वर उचलत. भांड्याला लांब दांडा असेल तर एका हातानं भांडं मागेपुढे हिसकत दुसऱ्या हातानं ढवळा. मिनिटभरात डोळ्यांसमोर बदल होतो. रस वेगळा आणि भात वेगळा असं जे दिसत होतं, ते एकसंध, चकचकीत आणि हलकं होतं. चव बघा, मीठ लागलं तर आता, पांढरी किंवा काळी मिरी थोडीशी. लिंबू घालणार असाल तर तेही आताच. झाकून एक मिनिट ठेवा, त्याहून जास्त नाही.

झालं की नाही हे ओळखायची खूण: भांडं तिरपं करून हलवलं की रिझोटो लाटेसारखा पुढे सरकतो आणि मागे परततो. इटालियन लोक याला ‘आल्लोंदा’ म्हणतात, लाटेवरचा. आपल्या भाषेत त्याला ‘आसट’ हा शब्द चपखल बसतो. आसट खिचडीपेक्षा थोडा सैल, पेजेपेक्षा पुष्कळ दाट. ताटलीत मूद पडून राहिली तर रिझोटो घट्ट झालाय; पळीभर गरम स्टॉक घालून पुन्हा हलवा. कडेनं पाणी सुटलं तर मांतेकातुरा अपुरा झालाय, अजून मिनिटभर घोटा. तेल सुटून वर तरंगलं तर भांडं फार गरम होतं; चमचाभर गार पाणी घालून जोरात ढवळलं तर बऱ्याचदा पुन्हा जुळून येतं.

वाढायला उथळ, कोमट केलेली ताटली. रिझोटो मधे वाढा आणि ताटलीच्या तळाला खालून तळहातानं दोन थापट्या मारा, आपोआप पसरतो. पसरलेला लवकर निवतो, म्हणून इटलीत तो कडेकडेनं मधल्या दिशेला खातात. आणि माणसांनी आधी बसायचं, रिझोटोनं नंतर यायचं.

हा आला की पुढचे

मिलानचा केशरी रिझोटो याच पायावर उभा आहे. घरात श्रीखंडासाठी आणलेलं चांगलं केशर असेल तर दोघांना १५-२० काड्या पुरतात. त्या सुरुवातीलाच अर्ध्या वाटी गरम स्टॉकमध्ये भिजत घाला आणि काड्यांसकट तो स्टॉक शेवटच्या तीन-चार मिनिटांत ओता. आधी घातला तर सुवास वाफेबरोबर उडून जातो. अस्सल मिलानी कृतीत कांद्याबरोबर गाईच्या नळीतला मगजही परततात. तिथं एक दंतकथा सांगतात, की १५७४ साली कॅथेड्रलच्या रंगीत काचा बनवणाऱ्या कारागिराचा मदतनीस रंगात केशर मिसळायचा, आणि त्यानं मालकाच्या मुलीच्या लग्नात भातही तसाच पिवळा करून टाकला. इंद्रायणीत केशर मला आवडत नाही. त्याचा स्वतःचा वास मधे येतो.

मश्रूमचा करायचा तर मश्रूम वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर खमंग परतून ठेवा आणि निम्मे दहाव्या मिनिटाला, निम्मे वरून घाला. मटार दिवसांतले, कोवळे असतील तर शेवटच्या पाच मिनिटांत. कोळंबी किंवा मासळी घातली तर चीज घालायचं नाही, ही तिकडची रीत, लोण्यावरच भागवा.

पाहुणे येणार असतील आणि आयत्या वेळी अठरा मिनिटं ओट्याशी उभं राहणं जमणार नसेल, तर उपाहारगृहांत करतात ती युक्ती वापरा. दहा मिनिटं शिजवून, अजून कणी ठळक असतानाच, भात मोठ्या परातीत पातळ पसरा, गार झाला की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. जेवायच्या आधी गरम स्टॉकमध्ये पाच-सहा मिनिटांत पुरा करा. मांतेकातुरा मात्र तेव्हाच, ताजा.

उरलेला रिझोटो पुन्हा गरम करू नका, तो लगदाच होतो. तो लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मिलानकरांसारखा ‘आल साल्तो’ करा. बिडाच्या तव्यावर चमचाभर लोणी, त्यावर रिझोटोचा गोळा, ओल्या हातानं थालीपिठासारखा अर्ध्या सेंटिमीटरवर थापायचा. मंद-मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. कडा तांबूस होऊन तव्यापासून सुटल्या की ताटलीवर उपडा करून परत तव्यावर सरकवायचा, दुसरी बाजू तितकाच वेळ. वरून थोडं चीज किसायचं आणि कुरकुरीत असतानाच खायचा.